ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेमसाठी राज्यं निवडताना या चुका टाळा

बेळगावात दिवाळी आली की गल्लीगल्लीत किल्ले उभे राहतात. गोणपाटावर चिखल थापायचा, बुरूज करायचे, हळीव पेरायचा. सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे आणि पायथ्याशी शत्रूचं सैन्य. ते सैन्य कुणाचं, हे लहानपणी आम्ही कधी ठरवलं नाही. बाजारात मिळालेले बंदूकवाले शिपाई शत्रू म्हणून चालायचे. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघं मित्र दख्खनवरचा स्ट्रॅटेजी गेम करायला बसलो तेव्हा मात्र हा प्रश्न टाळता येईना. नकाशावर प्रत्येक गावाला रंग द्यावा लागतो आणि रंग द्यायचा तर तिथे सत्ता कुणाची ते सांगावं लागतं.

आमच्या पहिल्या यादीत 46 नावं होती. आज 10 आहेत. मधल्या काळात ज्या चुका केल्या त्या इथे लिहितोय, म्हणजे असा गेम किंवा मॉड (तयार गेममध्ये बदल करून केलेली आवृत्ती) करणाऱ्यांचे काही महिने तरी वाचतील.

साल ठरवायच्या आधी यादी केली

सगळी गडबड इथूनच सुरू झाली. आपल्या भागातलं काहीच सोडवत नाही. हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका, पाचव्या-सहाव्या शतकातली राजधानी, मग कदंब हवेतच. बेळगावचा किल्ला रट्टांचा आणि आतली कमल बस्ती 1204 ची, मग रट्ट हवेत. त्यांना गिळणारे देवगिरीचे यादव हवेत. 1472 मध्ये बेळगाव जिंकणारा महमूद गावान हवा, म्हणजे बहमनी आले. विजयनगर, आदिलशाही, स्वराज्य, पेशवे, कित्तूर, ईस्ट इंडिया कंपनी. नावं वाढतच गेली.

रट्टांचा किल्ला आणि कित्तूरच्या राणी चन्नम्मांची इंग्रजांशी झालेली लढाई यांच्यात 600 वर्षांहून जास्त अंतर आहे. एका नकाशावर दोघं बसवायचे तर एकाच्या हातात भाला आणि दुसऱ्याकडे तोफ. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये गांधीजी अश्मयुगापासून खेळायला मिळतात आणि ते तिथे चालतं, कारण तो गेम एखाद्या सालाचा नाहीच. ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस 4’ची गोष्ट वेगळी. तो 11 नोव्हेंबर 1444 ला सुरू होतो. त्या दिवशी दख्खनमध्ये बहमनी आणि विजयनगर समोरासमोर आहेत, पण आदिलशाही नाही, कारण बहमनी राज्य फुटायला अजून चार-पाच दशकं आहेत. तारीख पक्की झाली की अर्धी यादी आपोआप गळते.

आम्ही 1802 चा पावसाळा संपतानाचा काळ धरला. 25 ऑक्टोबरला यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ शिंदे आणि पेशव्यांच्या फौजा मोडल्या, दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला आणि 31 डिसेंबरला त्यानं वसईचा तह केला. त्याच्या जरा आधी गेम सुरू केला की प्रत्येकाच्या हातात खरे निर्णय असतात. चार वर्षं आधीचा काळ धरला असता तर टिपू जिवंत असता आणि म्हैसूर ही नकाशावरची मोठी सत्ता ठरली असती. 1799 नंतर तिथे कंपनीनं गादीवर बसवलेला लहान वाडियार राजा आहे. चार वर्षांच्या फरकानं एक अख्खं राज्य खेळाडूच्या हातातून निघून जातं.

आजची सीमा जुन्या नकाशावर ओढली

आम्ही सीमाभागातली माणसं. सीमा म्हटलं की आमच्या डोळ्यापुढे 1956 ची भाषावार राज्यरचना येते, आणि तीच रेघ नकळत 1802 च्या नकाशावर उतरते. आमच्या पहिल्या नकाशात घटप्रभेच्या अलीकडे एक रंग आणि पलीकडे दुसरा होता. का, याचं उत्तर तिघांपैकी एकाकडेही नव्हतं.

त्या काळच्या सत्ता भाषेवरून ओळखता येत नाहीत. आदिलशाही विजापूरची, पण तिच्या महसुली दप्तरात मराठी चालायची आणि शहाजीराजांची जहागीर बंगळुरात होती. मुधोळला घोरपडे, जमखंडीला पटवर्धन. बेळवडीची मल्लम्मा कर्नाटक मोहिमेवरून परतणाऱ्या मराठी फौजेशी लढली. तरीही धारवाडजवळ यादवाडला शिवाजी महाराजांचं जे शिल्प आहे ते तिनंच कोरून घेतलं असं सांगतात. ही गोष्ट ‘मराठी विरुद्ध कन्नड’ या साच्यात बसवली तर तिच्यातलं सगळं मोलाचं निघून जातं.

सगळ्यात चांगला धडा आमच्या पायाखालीच होता. शहापूर आज बेळगावचाच भाग आहे, कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते नवख्या माणसाला कळत नाही. पण इंग्रजांच्या काळात शहापूर सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांकडे. बाजाराला निघालेला माणूस चालत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचा. हे लक्षात आल्यावर आम्ही सलग रंग टाकून दिले आणि एकेका परगण्याला मालक दिला. नकाशा ठिपक्याठिपक्यांचा झाला, बघायला कमी देखणा, पण खरा.

‘राष्ट्र’ हा शब्दही आम्ही मेनूतून काढला. तिथे आता ‘सत्ता’ आहे.

मराठ्यांना एकच रंग दिला, मग चाळीस तुकडे केले

‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठे ही एकच सत्ता आहे. त्या गेमचा नकाशा अमेरिकेपासून हिंदुस्थानापर्यंत पसरलेला, त्यामुळे तिथे ते योग्यच आहे. 1802 च्या दख्खनमध्ये एक रंग दिला तर हडपसरची लढाई होणारच नाही, कारण दोन्ही बाजूंना तोच रंग. उलट टोक म्हणजे प्रत्येक सरंजामदाराला वेगळी सत्ता करायची. आम्ही तेही केलं आणि दहा फेऱ्यांत पेशव्यांनी सगळे छोटे गिळून टाकले.

शेवटी प्रत्येक नावाला चार प्रश्न विचारले. लढाई-तह स्वतःच्या मर्जीनं करता येतो का? महसूल स्वतःच्या खजिन्यात जातो का? स्वतःची फौज आणि किमान एक बळकट किल्ला आहे का? वरच्याचा हुकूम मोडला तर हा टिकेल का? तीन होकार मिळाले तर सत्ता, नाहीतर मांडलिक. पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, गायकवाड, कोल्हापूर, सावंतवाडी, गोव्याचे पोर्तुगीज आणि कंपनी यादीत आले. निजामाबद्दल आमचं भांडण झालं, कारण 1798 पासून त्याच्या गळ्यात तैनाती फौज होती. शेवटी त्याला ठेवलं, पण कंपनीला विचारल्याशिवाय लढाई पुकारता येणार नाही अशी अट घातली. तो खेळायला सगळ्यात अवघड आहे आणि मला वैयक्तिकरीत्या सगळ्यात आवडतो.

साताऱ्याच्या छत्रपतींचं काय करायचं? गादी सगळ्यांच्या वर, पण फौज-पैसा हातात नाही. त्यांना सत्ता केलं तर खेळाडूला करण्यासारखं काही उरत नाही, वगळलं तर इतिहास मोडतो. म्हणून साताऱ्याची मान्यता ही मिळवायची गोष्ट केली. छत्रपतींकडून मान्यतेची वस्त्रं मिळाली की सरदार फुटायचं प्रमाण कमी होतं.

आवडतं म्हणून घेतलं, पण करायला काही दिलं नाही

कित्तूर वगळायची कल्पनाही आम्हाला सहन होत नव्हती, म्हणून चारपैकी दोनच होकार असूनही त्याला सत्ता केलं. मग एका रविवारी माझा भाचा टेस्टिंगला बसला. यादी उघडल्या उघडल्या त्यानं कित्तूर निवडलं. किल्ल्याचं चित्र मोठं करून पाहिलं, राणीचं नाव शोधलं आणि फेऱ्या पुढे ढकलू लागला. पेशव्यांना खंडणी. पुढची फेरी. खंडणी. पुढची फेरी. वीस मिनिटांनी त्यानं माऊसवरचा हात काढला आणि म्हणाला, “मामा, मी कधी लढायचं? नुसतं ‘पुढे’च दाबालोय की.”

त्याचं बरोबर होतं. 1802 मध्ये कित्तूरला देसाई मल्लसर्ज आहे, आणि ज्यासाठी भाच्यानं कित्तूर निवडलं ती लढाई 22 वर्षं लांब. लोकांच्या मनातलं नाव आणि त्या सालातली सत्ता या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

कित्तूर आम्ही मुख्य खेळातून काढलं आणि त्याचा स्वतंत्र छोटा खेळ केला. सुरुवात इंग्रज कित्तूरच्या गादीचं दत्तक विधान नामंजूर करतात तिथून. 23 ऑक्टोबर 1824 ला किल्ल्यापुढे लढाई, त्यात कलेक्टर थॅकरे पडतो आणि दोन इंग्रज अधिकारी ओलीस सापडतात. पुढचा प्रश्न खेळाडूचा: ओलिसांचं काय करायचं? डिसेंबरमध्ये मोठी फौज येते. किल्ला पडल्यावरही खेळ थांबत नाही, तो कित्तूरचाच लढवय्या संगोळी रायण्णा याच्या हाती जातो, खानापूर-नंदगडच्या रानात. 26 जानेवारी 1831 ला नंदगडला त्याला फाशी झाली, तिथपर्यंत. भाच्यानं हा भाग एका बैठकीत तीनदा खेळला.

खेळ अडला तर कुठे बघायचं

फेरी संपायला फार वेळ लागत असेल तर आधी मांडलिक मोजा. त्यांना विचार करायला लावू नका, मालकाच्या मागे जाऊ द्या. एखादी सत्ता नुसती बसून राहत असेल तर बहुतेक वेळा तिच्या शेजारी हवं असं काहीच नसतं. आमचे पोर्तुगीज असेच थिजून बसायचे, घाटाच्या वाटांवरची जकात दिल्यावर हलले. सगळे खेळाडू एकच सत्ता निवडत असतील तर तिची ताकद कमी करायची घाई करू नका, आधी बाकीच्यांचं पहिलं पान वाचून बघा. तिथे बहुधा दोनच कोरड्या ओळी असतात.

आणि ज्यांना राज्यच नाही अशा ताकदी विसरू नका. पेंढारी कुठल्या परगण्याचे मालक नव्हते, पण त्यांच्याशिवाय तो काळ उभाच राहत नाही. ते यादीत नाहीत. फौजेचा पगार थकला की ते नकाशावर उगवतात.

निपाणकर आप्पा देसायांचा प्रश्न सगळ्यात शेवटपर्यंत राहिला. नावाला पेशव्यांचे सरदार, वागायला स्वतंत्र. सुरुवातीपासून सत्ता द्यावी तर कागद आड येतो आणि मांडलिक ठेवावं तर माणूस आड येतो. म्हणून एक नियम घातला: मालकानं तीन फेऱ्या मदत पाठवली नाही आणि सरंजामदाराचा खजिना भरलेला असेल, तर तो आपल्या नावानं उभा राहू शकतो. गेल्या आठवड्यातल्या टेस्टमध्ये पुणं लुटलं गेलं, तीन फेऱ्या उलटल्या आणि निपाणीवर नवा रंग चढला. आमच्यापैकी कुणी काही केलं नव्हतं. पुढच्याच फेरीत निपाणकरांची फौज कोल्हापूरच्या वाटेला लागली.