रस्त्यावरच्या जुन्या पाट्यांतून वस्तू करायच्या असतील तर आधी पावती

पत्रा कापता येतो, ड्रिल धरता येतं असं गृहीत धरून लिहितेय.

पाटी हातात घेण्याआधी पावती हातात घ्या. ‘काढून टाकलेला माल आहे ताई’ एवढ्या तोंडी शब्दावर मी एका भंगारवाल्याकडून ‘थांबा’ची अष्टकोनी पाटी घेतली, तिचं घड्याळ केलं आणि प्रदर्शनात मांडलं. पाटी कुठून आणली, अशी विचारणा झाली तेव्हा दाखवायला साधं चिठोरंही नव्हतं. टेबल आवरावं लागलं. ती नामुष्की अजून बोचते, म्हणून हे सविस्तर सांगते.

रस्त्यावरची पाटी सार्वजनिक मालमत्ता असते. ती वाकली, गंजली, खांबासकट आडवी पडली तरी बेवारस होत नाही. संबंधित खात्याने निर्लेखित करून, म्हणजे वापरातून बाद अशी नोंद करून, लिलावात काढली की मगच ती भंगार. माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसं मानायला कारण असताना तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. लिलावात माल ढिगाने जातो, एकदोन पाट्या आपल्याला कोणी देत नाही. म्हणून लिलाव घेणाऱ्या ठेकेदाराला गाठा, बिलावर ‘निर्लेखित वाहतूक फलक’ असं स्पष्ट लिहून घ्या आणि लिलावाच्या कागदाची झेरॉक्स मागा. कां-कूं केली तर सरळ उठा. पाटीकडेही बघा. बोल्टची भोकं ताजी फाटलेली असतील किंवा मागे छापलेली तारीख अलीकडची असेल तर स्वस्तात मिळाली तरी नको.

एवढं वाचून बेत सोडू नका. फलक बनवणाऱ्या कारखान्यांत छपाई चुकलेले तुकडे निघतात. ते बिलासकट मिळतात आणि शिकायला उत्तम.

आता काम. पाटीची कड बघा. दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा थर दिसला तर ती एसीपी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल. ती कापा, भोकं पाडा, पण तापवू नका. भरीव अ‍ॅल्युमिनियम असेल तर वाकवता येतं. त्याआधी हीट गनने पाटीवरचा चमकता कागद हळूहळू सोलून काढा. त्यावर थेट ज्योत धरलीत तर विषारी धूर होतो. मग पत्रा वाकवण्याइतका मऊ व्हावा म्हणून त्यावर कपड्याच्या साबणाची रेघ ओढा आणि मागून तापवा. रेघ काळपट झाली की थांबा. अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल होत नाही, 660 अंशांना थेट वितळतं.

ग्राइंडरने झटपट कापायचे व्हिडिओ मला अजिबात पटत नाहीत. साध्या चाकात अ‍ॅल्युमिनियम भरतं आणि चाक फुटू शकतं. बारीक दातांचं जिगसॉ पातं घ्या, त्याला मेण लावा, डोळ्यांवर चष्मा हवाच. शिकायचं असेल तर महागड्या कार्यशाळेपेक्षा गॅरेजमधल्या डेंटिंगवाल्या काकांकडे चार रविवार बसा. पत्रा कुठे ऐकतो आणि कुठे तडकतो, ते त्यांना बोटांनी कळतं.

पहिली वस्तू किल्ल्यांची खुंटी करा, दिव्याची शेड नको. पाटीवरचा चमकता कागद प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतो. आत बल्ब लावून तो उजळत नाही. विक्रीसाठी फोटो काढतानाही फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर अक्षरांच्या जागी नुसता पांढरा झोत येतो. खिडकीच्या बाजूच्या उजेडात रंग खरे दिसतात, आणि जुने ओरखडेही. ते लपवू नका, गिऱ्हाईक त्यांचेच पैसे देतं.