पॅनलवर तास घ्यायचाय? आधी टच केबल पिशवीत टाका

वर्गातल्या पॅनलवर, म्हणजे बोटाने चालणाऱ्या मोठ्या डिजिटल फळ्यावर, तास घ्यायला काय न्यायचं? लॅपटॉप, चार्जर, एचडीएमआय केबल. हे कोणी विसरत नाही. विसरते ती दुसरी केबल, टचची. मागच्या खेपेला तीच राहिली आणि पाचवीच्या मुलांचा अपूर्णांकांचा अख्खा तास नुसतं बघण्यात गेला. म्हणून यादी तिच्यापासूनच सुरू.

एचडीएमआयमधून चित्र जातं, आवाज जातो. बोटाचा स्पर्श जात नाही. तो पॅनलकडून लॅपटॉपकडे उलट यायचा असतो आणि त्यासाठी वेगळी यूएसबी केबल लागते. तिचं एक तोंड नेहमीचं चपटं, ते लॅपटॉपला. दुसरं बहुतेक पॅनलना चौकोनी, प्रिंटरच्या केबलसारखं. कार्यालयातल्या प्रिंटरची काढून आणली तरी चालते, पण ती बहुधा दीड मीटरचीच असते आणि टेबल असतं तीन मीटरवर. लांब हवी तर ५ मीटरपर्यंतच घ्या. साध्या यूएसबी केबलची मर्यादा तेवढीच आहे, त्यापुढे टच येतो-जातो. एचडीएमआय दहा मीटरची चालली म्हणून यूएसबीही चालेल असं धरून चालू नका.

केबल आणली, लावली, तरी टच नाही? पॅनलवरची छोटी अक्षरं वाचा. एचडीएमआय १ च्या जोडीला टच १ असतो, २ च्या जोडीला टच २. चित्र एकात आणि टच दुसऱ्यात घातलं की चित्र झकास दिसतं, बोटाला मात्र काहीच दाद मिळत नाही. टाइप-सी पोर्ट असेल तर एकाच केबलवर सगळं भागू शकतं, पण लॅपटॉपच्या त्या पोर्टमधून चित्र बाहेर पडत असेल तरच. मोबाइल चार्जिंगची सी केबल यासाठी चालत नाही, ती पिशवीत असल्याचं समाधान मानू नका. शाळेत जुना प्रोजेक्टरवाला बोर्ड असेल तर त्यालाही यूएसबी लागतेच, शिवाय प्रोजेक्टरला कोणाचा धक्का लागला की कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं, नाहीतर बोट एकीकडे आणि रेघ चार बोटं दुसरीकडे.

जोडणी झाली की विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ (दोन्ही पडद्यांवर तेच चित्र) निवडा. ‘एक्स्टेंड’वर (दोन्हीकडे वेगळं चित्र) ठेवलं तर पॅनलवर टेकवलेलं बोट कधीकधी लॅपटॉपच्या पडद्यावर उमटतं. एक्स्टेंडच हवं असेल तर कंट्रोल पॅनलमधल्या ‘टॅब्लेट पीसी सेटिंग्ज’मध्ये ‘सेटअप’ दाबा आणि विचारेल तेव्हा मोठ्या पडद्यावर बोट टेकवा. हे सगळं परिपाठाच्या आधी. मुलं समोर बसल्यावर सेटिंग शोधणं म्हणजे पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं घालवणं.

एका केबलवर इतकं का? टच नसेल तर शिक्षक माउस धरून लॅपटॉपमागे बसतात आणि मुलांसमोर उरतो फक्त मोठा टीव्ही. भाकरीचे चार भाग करून त्यातले तीन बाजूला ओढणं मुलाने स्वतः करायचं असतं. दोन अष्टमांशाचे तुकडे एक चतुर्थांशावर बसवून पाहिले की समान अपूर्णांक हाताला कळतात. बघून ते कळत नाहीत.

आता पाठ कशात बनवायचा. पॉवरपॉइंटच्या स्लाइड शोमध्ये चित्रं ओढता येत नाहीत. मूल तुकडा ओढायला जातं आणि स्लाइड पुढे सरकते. ओढायचं, जुळवायचं, क्रम लावायचा असेल तर ओपनबोर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर घ्या, किंवा शो न लावता साध्या पानावरच काम करा. गणित-विज्ञानाला कोलोरॅडो विद्यापीठाचे, पडद्यावरच करायचे फेट प्रयोग उत्तम. त्यातले बरेच मराठीत आहेत आणि उतरवून ठेवले की नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. सरकारच्या दीक्षा अॅपवरचे पाठ, बालभारतीची पीडीएफ आदल्या रात्रीच उतरवा. शाळेतल्या नेटवर विसंबू नका.

मराठी अक्षरं युनिकोडमध्येच (कुठल्याही संगणकावर तशीच दिसणारी पद्धत) टाइप करा. श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. अक्षर ३२ पॉइंटच्या खाली नको. शेवटच्या बाकावर बसून एकदा स्वतः वाचा.

७५ इंची पॅनल साधारण १६५ सेंटीमीटर रुंद आणि ९३ उंच असतो. खालची कड जमिनीपासून ९० वर असली तर वरची जाते १८० च्या पुढे. पहिलीच्या मुलाचा हात फार तर मध्यापर्यंत पोचतो. म्हणून मुलांनी हात लावायच्या वस्तू पडद्याच्या खालच्या अर्ध्यातच ठेवा, सूचना वर. स्टूल देऊ नका, पडतात.

इन्फ्रारेड पॅनलमध्ये काचेच्या कडेने न दिसणारे किरण आडवे-उभे धावत असतात, ते अडले की पॅनल स्पर्श समजतो. त्यामुळे साडीचा पदर, शर्टाची बाही, गळ्यातलं ओळखपत्र, सगळ्यांचा स्पर्श मोजला जातो. कडेच्या खाचेत खडूची धूळ साचली तरी बोट न लावता रेघा उमटतात. कोरड्या मायक्रोफायबरने ती खाच पुसा. पाणी थेट फवारू नका. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा ओढा. बऱ्याच पॅनलवर तळहात टेकला की लिहिलेलं पुसलं जातं आणि लहान मुलं लिहिताना हात टेकतातच, त्यांना आधी मनगट उचलून लिहायला दाखवा. पॅनल वीस स्पर्श ओळखतो असं पत्रकात असलं तरी सॉफ्टवेअर एकच ओळखत असेल तर दोन मुलांनी एकदम ओढल्यावर दोघांचंही बिघडतं. ते आधी दोन हातांनी करून पाहा. आणि हे पाहायला टच केबल लागते, हे पुन्हा सांगायला हवंच.

वीज: तीन पिनांचा, अर्थिंग असलेला सॉकेट. अर्थिंग नसेल तर टच नाचू शकतो. इन्व्हर्टर पॅनलचा भार पेलतो का ते आधी बघा. भारनियमनाची वेळ माहीत असेल तर पॅनलचं काम तासाच्या पहिल्या अर्ध्यात उरका आणि उरलेलं खडू-फळ्यावर. कागदी पट्ट्यांचा एक संच हाताशी असू द्या.

व्हॉट्सअॅप वेब बंद, नोटिफिकेशन बंद, स्लीप बंद. आवाज पॅनलमधून येतोय ना, बघा. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

तास संपला की पान पीडीएफ करून ठेवा, पॅनलवर गूगल खातं उघडलं असेल तर बाहेर पडा, पॅनल बटणाने बंद करा आणि मग स्विच.

केबल गुंडाळताना एचडीएमआय आणि टचची यूएसबी वेगवेगळ्या ठेवू नका. दोन्ही शेजारी धरा, दर फूटभरावर प्लास्टिकचा टाय आवळा, तोंडाकडची वीतभर लांबी मोकळी सोडा. एक उचलली की दुसरी आलीच पाहिजे.