मिशन ट्रिपला परदेशी निघालात? या चुका टाळा

चवथ सरली, पाऊस ओसरला की वास्कोतल्या आमच्या मराठी मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) उपासनेनंतर चहा पिताना कुणीतरी हमखास म्हणतं, "काका, यंदा आम्हालाही न्या की नेपाळला." न्यायला माझी ना नाही. बारा वर्षं मी मिशन ट्रिपच्या, म्हणजे परदेशातल्या मंडळ्यांत सेवेला जाणाऱ्या, टीम नेतोय. नेपाळ सात वेळा, केनिया दोनदा, श्रीलंका एकदा. चेहरे दर वर्षी नवे, चुका मात्र त्याच. तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून लिहून काढतोय. यातल्या निम्म्या मी स्वतः केल्या आहेत, तेव्हा कुणी मनाला लावून घेऊ नये.

आधी विमानतळावरच ट्रिप संपवणाऱ्या गोष्टी.

गोव्यात आता विमानतळ दोन आहेत. तिकिटावर जीओआय म्हणजे दाबोळी आणि जीओएक्स म्हणजे मोपा. वास्कोच्या माणसाला विमानतळ म्हटलं की दाबोळीच डोळ्यांपुढे येतो. एका वर्षी आम्ही सगळे मोपाला रांगेत आणि दोघं जण दाबोळीला, बॅगांवर बसून आमची वाट बघत. पहाटेच्या टॅक्सीवाल्याने सांगितलं ते भाडं त्यांनी निमूट दिलं, तरी विमान गेलंच.

नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण विमानाने जाणाऱ्या 65 वर्षांपर्यंतच्या मोठ्या माणसाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं आणि आधार कार्ड चालत नाही, हे काउंटरवर कळतं. टीममध्ये पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेलं कुणी असेल (गोव्यात असतंच), तर तो माणूस नेपाळच्या दृष्टीने परदेशी. त्याला काठमांडूला उतरल्यावर पंधरा दिवसांच्या व्हिसाचे 30 डॉलर मोजावे लागतात. शिवाय त्याने ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला आपलं सरकार देतं ते) घरी कपाटात ठेवलं असेल तर परत येताना रडारड. मी निघायच्या महिनाभर आधी सगळ्यांची कागदपत्रं माझ्या जेवणाच्या टेबलावर मांडायला लावतो. फोटो पाठवतो म्हणणाऱ्यांना नाही म्हणतो. मला कागद हातात धरून बघायचा असतो.

केनियाचं वेगळं. 2024 पासून तिथे आधी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाचा परवाना, काढावा लागतो, तो लोक काढतात. विसरतात ती यलो फिव्हरची लस. आपल्याकडे तो आजार नाही, पण तो वाहणारे डास आहेत, म्हणून तो आजार असलेल्या देशातून परतणाऱ्याकडे आपलं सरकार दाखला मागतं. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी दाखला लागू होतो. नसला तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. आमच्यातल्या एका भावाने निघायच्या आदल्या दिवशी सुई टोचून घेतली, आठव्या दिवशी मुंबईत उतरला आणि तिथेच राहिला. मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात ही लस मिळते, म्हणजे आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. लस कोणत्या दिवशी देतात ते आधी विचारून घ्या आणि महिनाभर आधीच उरकून टाका. एकदा घेतली की दाखला आयुष्यभर चालतो, त्यात घाईचं कारणच काय?

आता माझ्या खास रागाच्या दोन गोष्टी. पहिली, पिशव्या.

25 एप्रिल 2015 ला नेपाळात भूकंप झाला. बातम्या बघून आमच्या मंडळीचं मन हेलावलं आणि आम्ही कपडे गोळा केले. मीच पुढाकार घेतला होता. दोन रविवारांत चौदा गोणी भरल्या. कुणी काय दिलं ते बघायला वेळ नव्हता, किंवा खरं सांगायचं तर बघायचं धाडस नव्हतं. ऑगस्टमध्ये रेल्वेने मुंबई, तिथून गोरखपूर, मग जीपने सोनौली. सीमेवर कस्टमवाल्यांनी विचारलं, यात काय? म्हटलं, कपडे. जुने की नवे? किती नग? यादी कुठाय? कुणाला देणार त्यांचं पत्र? आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं, फक्त चांगला हेतू होता. दीड दिवस गोण्यांवर बसून काढला, तोही पावसात.

गावात पोहोचलो तेव्हा निम्म्या गोण्यांना बुरशी लागली होती. उघडल्यावर बाहेर काय निघालं? गोव्याच्या उकाड्यात वापरायच्या पातळ मॅक्सी, बर्म्युडा, लग्नातला एक पांढरा सॅटिनचा गाउन, आणि एकाच पायाचे चार बूट. पुढ्यात हिवाळा, पत्र्याखाली झोपलेली माणसं, आणि आम्ही त्यांच्या हातात बर्म्युडा ठेवतोय. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, हसून घेतलं. दोन दिवसांनी तो गाउन मला शेळ्यांच्या गोठ्याला वाऱ्याच्या बाजूने बांधलेला दिसला. सबंध चौदा गोण्यांतली खऱ्या उपयोगाला आलेली वस्तू तीच.

परतल्यावर खर्चाची वही उघडली. गाडीभाडं, हमाली, सीमेवरचं राहणं. तेवढ्या पैशांत जवळच्या बाजारातून गावातल्या प्रत्येक घराला दोन जाड ब्लँकेटं आली असती, आणि तिथल्या दुकानदारालाही चार पैसे मिळाले असते, त्याचंही घर पडलंच होतं. बरं, आणखी महिनाभराने निघालो असतो तर काहीच पोहोचलं नसतं, कारण सप्टेंबरअखेर सीमेवर मालाची कोंडी सुरू झाली ती पुढे काही महिने चालली.

तेव्हापासून माझ्या टीममध्ये एका माणसाला एकच बॅग, आणि ती त्याने स्वतः उचलायची. द्यायचं असेल ते पैशांत, तेही तिथल्या मंडळीच्या पंचांनी एकत्र बसून मागितलं तर आणि पावतीवर. एकट्या माणसाच्या खिशात गुपचूप नोट सरकवायची नाही. तुम्ही निघून जाता, आणि कुणाला किती मिळाले यावरून मागे वर्षभर भांडण चालतं.

औषधांच्या पिशव्यांचंही तसंच. वाटण्यासाठी उरलेल्या गोळ्या नेणं हे सेवाकार्य नाही. दहा दिवसांच्या एका ट्रिपमधल्या शिबिरात आमच्यासोबतच्या डॉक्टर बाईंनी हे स्पष्ट सांगितलं: "मी आज बीपीची गोळी सुरू केली तर अकराव्या दिवशी ती कोण देणार?" त्यांनी तिथल्या वैद्यकीय परिषदेची परवानगी आधी काढली होती, स्थानिक आरोग्य चौकीच्या नर्सला शेजारी बसवलं होतं, आणि बीपी मोजून लोकांना त्याच नर्सकडे नोंदवलं. कुणालाही गोळी दिली नाही. आमचे दोन तरुण हिरमुसले, "फोटोत काही दिसलंच नाही" म्हणाले.

फोटोवरून दुसरी गोष्ट. हिच्याबद्दल बोलताना अजूनही माझा आवाज चढतो.

नेपाळच्या 2015 च्या राज्यघटनेतलं 26वं कलम कुणाचं धर्मांतर करायला मनाई करतं. ऑगस्ट 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत 158व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे, म्हणजे आपले 31 हजारांच्या आसपास. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. हा कायदा आवडो न आवडो, आपण त्यांच्या घरी पाहुणे आहोत. म्हणून आम्ही मंडळीच्या आमंत्रणावर मंडळीतच काम करतो. रस्त्यावर पत्रकं नाहीत, शाळेत गाणी नाहीत. हे मी निघण्याआधी तीनदा सांगतो.

2019 साली चौथ्यांदा सांगायला हवं होतं. टीममध्ये एक तेवीस वर्षांचा मुलगा होता, पहिलीच वेळ, उत्साह उतू जाणारा. काठमांडूपासून बसने सात तासांवरच्या एका गावी होतो. तिथल्या पाळकांनी (पास्टरनी) मंडळीतल्या तिघांचा बाप्तिस्मा ओढ्यावर ठरवला होता. तो त्यांचा कार्यक्रम, आम्ही काठावर उभे. या पठ्ठ्याने फोन काढून फेसबुक लाईव्ह केलं. वर गावाचं नाव, खाली "आमच्या टीमच्या सेवेचं फळ." तिघांचे चेहरे स्वच्छ. गोव्यातून धडाधड हात जोडलेली चित्रं येत होती. मला कळेपर्यंत चाळीस मिनिटं झाली होती. पुसून टाकलं, पण तोवर कुणीतरी ते उतरवून पुढे धाडलं होतं.

आम्ही ठरल्या दिवशी घरी परतलो. उपासनेत ट्रिपच्या अनुभवांच्या साक्षी झाल्या, प्रीतिभोजन झालं, बिर्याणी झाली. त्याच आठवड्यात तिकडे पाळकांना चौकीत बोलावून दोन दिवस बसवून ठेवलं. प्रकरण कोर्टात गेलं नाही, पण मंडळी जिथे जमायची त्या घराच्या मालकाने खोली रिकामी करायला सांगितली. तिघांपैकी एका मुलीला घरच्यांनी मामाकडे धाडलं. हे पाळकांनी आम्हाला कधीच कळवलं नाही. दोन महिन्यांनी दुभाष्याच्या तोंडून कळलं. मी फोन केला तर पाळक म्हणाले, "जय मसीह दाजु, तपाईंलाई कस्तो छ?" माझी तब्येत विचारत होते.

तो मुलगा वाईट नव्हता. त्याला घाई होती, आणि घाई त्याला आम्हीच शिकवली होती. ट्रिपसाठी पैसे देणारे लोक पहिला प्रश्न विचारतात, "किती आत्मे?" म्हणजे किती जण विश्वासात आले. हा आकडा मी अहवालात लिहिणं सोडून दिलंय. एकदोन देणगीदार त्यामुळे गेले, जाऊ देत.

आता माझ्याकडे पिठाच्या गिरणीची एक कापडी पिशवी असते. सकाळी सगळ्यांचे फोन तिच्यात. रात्री जेवणानंतर अर्धा तास घरी बोलायला मिळतात. फोटो एकच माणूस काढतो, चेहरे आणि गावाच्या पाट्या सोडून, आणि तिथल्या पाळकांनी बघितल्याशिवाय एकही फोटो बाहेर जात नाही. लहान मुलांना कडेवर घेतलेले फोटो तर नाहीतच. हे ऐकून ज्याचा चेहरा पडतो त्याला मी पुढच्या वर्षी या म्हणतो.

भाषेचं थोडं. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे आपल्याला पाट्या वाचता येतात आणि सगळं समजतंय असा भास होतो. चर्चला तेही मण्डलीच म्हणतात, की झालं, आपण घरीच! आमच्या एका भावाने मराठी वळणाच्या हिंदीत "देव शिक्षा करतो" या विषयावर पाऊण तास झोडपलं. तिकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. दुभाष्याने पाऊण तास देव कसा शिकवतो ते सांगितलं, आणि लोक फार खूश झाले. मूळ उपदेशापेक्षा तो बराच बरा होता.

दहा दिवसांत सगळं उरकायची घाई असणाऱ्यांना मी सांकवाळला जाऊन यायला सांगतो. जोसेफ वाझ या कॅथलिक पाद्रींचं घराणं तिथलंच, जन्म बाणावलीचा, 1651 चा. 1687 मध्ये मजुराच्या वेशात श्रीलंकेत उतरले, डच सत्ता कॅथलिक पाद्रींच्या मागावर असताना. कँडीत हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. तमिळ शिकले, सिंहली शिकले, देवीच्या साथीत रोग्यांची सेवा केली, आणि 1711 मध्ये तिथेच वारले. चोवीस वर्षं! आम्ही प्रोटेस्टंट, संत वगैरे मानणारे नव्हे, पण या माणसापुढे मान लवते. कँडीला गेलो तेव्हा आमच्यातल्या एकाने तिसऱ्याच दिवशी विचारलं, इथे आपला प्रभाव काय पडला? मी त्याला चहा आणायला पाठवला.

बाकीच्या पटापट. नेपाळात मंडळीची मुख्य उपासना शनिवारी असते, शनिवारी रात्री पोहोचून रविवारची तयारी करू नका. चपला दाराबाहेर, बसायचं जमिनीवर, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. गाईच्या मांसाचे विनोद तर अजिबात नकोत, तिथे गोहत्या हा गुन्हा आहे. पाळकांना भेट म्हणून काजू न्या, फेणी नको. हो, नेली होती एकाने, आणि तीही उपासनेनंतर सर्वांसमक्ष दिली. "पुढच्या वर्षी नक्की येतो" असं मुलांना सांगू नका, ती तारीख मोजतात. अनाथाश्रमाला दुपारची भेट हा कार्यक्रम मी कायमचा काढून टाकलाय. तिथल्या बऱ्याच मुलांचे आईबाप हयात असतात, आणि आपल्यासारखे पाहुणे येत राहतात म्हणून अशी घरं चालत राहतात.

जाण्याआधी तिथल्या मंडळीला एक प्रश्न विचारायचा, तुम्हाला काय हवंय, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. आमच्या लोकांना हे गप्प बसणंच जमत नाही. विचारतात आणि लगेच तीन पर्याय सुचवतात. गेल्या वर्षी मी विचारून सहा आठवडे थांबलो. मग उत्तर आलं: "वायरमन."

गोदीत काम करणारा आमचा एक भाऊ नेला. वयाने पन्नाशीतला, उपासनेत शेवटच्या बाकावर बसणारा, सार्वजनिक प्रार्थना सांगितली की घाम फुटणारा. त्याने आठ दिवस मंडळीच्या नव्या खोलीची वायरिंग केली आणि गावातल्या दोन पोरांना हाताशी घेऊन शिकवलं. निघताना टेस्टर आणि पक्कड त्यांनाच देऊन आला. बोलला फारसं नाहीच. आता तिकडून फोन आला की पहिली चौकशी त्याची होते. यंदाही यायला तयार आहे, अट एकच: स्टेजवर चढवायचं नाही.