ट्रान्स फॅटचं लेबल वाचताना या चुका टाळा

ट्रान्स फॅट म्हणजे हृदयाला घातक ठरणारा चरबीचा एक प्रकार. त्याच्या लेबलवर सगळ्यात जास्त घोळ ‘२ टक्के’ या आकड्याचा होतो. एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये ३ आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली. पण हे २ टक्के खाद्यपदार्थाच्या वजनाचे नाहीत, त्यात असलेल्या तेल-तुपाचे आहेत. १०० ग्रॅम खारीत ३० ग्रॅम फॅट असेल, तर ट्रान्स फॅट जास्तीत जास्त ०.६ ग्रॅम चालतं. पुड्यावर १.५ ग्रॅम दिसलं की ‘दोनच्या आत आहे’ म्हणून सोडून देऊ नका. ते मर्यादेच्या अडीचपट आहे.

‘ट्रान्स फॅट फ्री’चा निकष वेगळा आणि जास्त कडक: १०० ग्रॅममागे ०.२ ग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे ०.५ ग्रॅमवाली हीच खारी कायद्यात बसते, पण तिच्यावर ‘फ्री’ छापता येत नाही.

अमेरिकेहून पाहुण्यांनी आणलेल्या डब्यावरचा ० ग्रॅम तर फारच फसवा. तिथे एका सर्व्हिंगमागे ०.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य लिहितात, आणि सर्व्हिंग म्हणजे कधीकधी दोनच बिस्किटं.

पोषणमूल्यांचा तक्ता पाहून झाला की घटकांची यादी वाचा. ‘हायड्रोजनेटेड’ (हायड्रोजन मिसळून घट्ट केलेलं तेल) दिसलं तर हायड्रोजनेशन अर्धवट झालंय की पूर्ण, हे त्या शब्दावरून कळत नाही. अर्धवट झालं की ट्रान्स फॅट तयार होतं. पूर्ण झालं तर ते जवळपास उरत नाही, पण सॅच्युरेटेड फॅट वाढतं. ‘इंटरएस्टरिफाइड’ फॅटमध्येही (रासायनिक रचना बदलून घट्ट केलेल्या) तेच, त्यामुळे सॅच्युरेटेडची ओळ सोडू नका. लेबलवरची ‘दिवसभराच्या प्रमाणाच्या किती टक्के’ ही टक्केवारी दिवसाला २२ ग्रॅम सॅच्युरेटेड आणि २ ग्रॅम ट्रान्स फॅट धरून काढलेली असते.

साजूक तूप, लोणी यांत थोडं ट्रान्स फॅट निसर्गतःच असतं. ते या २ टक्क्यांत मोजत नाहीत, तक्त्यातही धरत नाहीत.

पुण्यात खरी अडचण सुट्या मालाची. बेकरीतून पाव किलो खारी तोलून घेतली की लेबलच नसतं. अशा वेळी ‘बटरची आहे का?’ विचारून फार काही हाती लागत नाही (आपल्याकडे चहात बुडवायच्या कडक पावालाही बटरच म्हणतात!). ‘कोणतं फॅट वापरता? त्याचं खोकं दाखवा’ असं विचारा. वनस्पती तूप, मार्गारिन किंवा शॉर्टनिंगच्या (बेकरीत वापरतात त्या घट्ट फॅटच्या) खोक्यावर ट्रान्स फॅटचा आकडा सापडतो.

पाकीटबंद मालाचा हिशेब जुळत नसेल तर पुडा फेकू नका. एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर तक्रार करताना बॅच नंबर आणि १४ आकडी लायसन्स नंबर जवळ ठेवा. बॅच नंबर बहुतेकदा नेमका आपण फाडतो त्या कडेवरच छापलेला असतो.