व्हेरिएशन शून्याजवळ असले तरी ते लॉगमध्ये लिहा

डीजीसीएच्या (भारताची नागरी विमान वाहतूक नियामक संस्था) एअर नेव्हिगेशन पेपरची तयारी करणाऱ्यांना ट्रू (भौगोलिक उत्तरेपासून मोजलेले), मॅग्नेटिक (चुंबकीय उत्तरेपासून मोजलेले) आणि कंपास (विमानातल्या होकायंत्रावर दिसणारे) हेडिंग, म्हणजे विमानाचे नाक ज्या दिशेला आहे ती दिशा, यांतला फरक ठाऊक असतो, असे मी गृहीत धरतो. खरी अडचण पुढे आहे. महाराष्ट्रात व्हेरिएशन, म्हणजे भौगोलिक आणि चुंबकीय उत्तरेतला कोन, जेमतेम एखादा अंश असते, त्यामुळे बारामतीला किंवा गोंदियाला उडताना ते धरले काय आणि सोडले काय, विमान इच्छित स्थळी पोहोचते. ते हिशेबात धरण्याची सवय मात्र अंगी बाणत नाही.

ऑकलंडच्या परिसरात हेच व्हेरिएशन सुमारे 20 अंश पूर्व आहे. तिथे प्रशिक्षण घेताना ‘व्हेरिएशन ईस्ट, मॅग्नेटिक लीस्ट’ (व्हेरिएशन पूर्व असेल तर मॅग्नेटिक आकडा कमी) हे तोंडपाठ असूनही लॉग, म्हणजे उड्डाणाच्या हिशेबाचा तक्ता, भरताना माझा हात कितीतरी दिवस अडखळत असे. समजा, नकाशावर ट्रॅक (जमिनीवरून जायचा मार्ग) 045 अंश ट्रू आहे आणि वाऱ्यासाठी 5 अंश डावीकडे जायचे आहे, म्हणजे ट्रू हेडिंग 040. त्यातून 20 वजा केले की मॅग्नेटिक हेडिंग 020 येते. ते वजा करण्याऐवजी मिळवले, तर 060 येते आणि 60 नॉटिकल मैलांनंतर विमान जवळजवळ 40 मैल बाजूला गेलेले असते. जोहान्सबर्गकडे व्हेरिएशन साधारण तेवढेच, पण पश्चिम असल्याने तिथे बेरीजच करावी लागते.

म्हणून कागदावर ट्रू उत्तरेचा उभा बाण काढा, पूर्व व्हेरिएशन असेल तर मॅग्नेटिक उत्तरेचा बाण त्याच्या उजवीकडे काढा आणि मग हेडिंगची रेषा ओढा. कोन लहान झालेला डोळ्यांना दिसतो. क्वेश्चन बँक घोकून घेणाऱ्या प्रशिक्षकापेक्षा ही आकृती काढायला लावणारा प्रशिक्षक मला केव्हाही सरस वाटतो. आणखी एक: हवामान अहवालातला वारा ट्रू दिशेत असतो, टॉवर सांगतो तो मॅग्नेटिक. त्यामुळे लॉगमध्ये वाऱ्याची दुरुस्ती आधी आणि व्हेरिएशन नंतर, हा क्रम कधीही मोडू नका.

डेव्हिएशनला, म्हणजे विमानातल्याच धातू आणि उपकरणांमुळे कंपासमध्ये येणाऱ्या चुकीला, फार घाबरू नका. कंपासजवळच्या कार्डावरचा आकडा वाचून तो लावला की झाले. मात्र हेडसेट कंपासजवळ ठेवला, तर त्यातल्या चुंबकामुळे ते कार्ड निरर्थक ठरते. डायरेक्शनल जायरो (हेडिंग दाखवणारे, फिरत्या चाकावर चालणारे उपकरण) दर दहा-पंधरा मिनिटांनी कंपासशी जुळवा, पण विमान सरळ, समपातळीत आणि स्थिर वेगाने उडत असतानाच. वळणात कंपास चुकीचे हेडिंग दाखवतो आणि तीच चूक जायरोत उतरते.