इंग्रजी उपसर्गांवरून शब्दांचा अर्थ कसा लावावा

इंग्रजी वाचताना अनोळखी शब्द आला की प्रत्येक वेळी कोश उघडणे शक्य नसते आणि केवळ संदर्भावरून बांधलेला अंदाज चुकण्याची शक्यता असते. अशा वेळी शब्दाच्या सुरुवातीचा उपसर्ग ओळखता आला, तर अर्थाची दिशा तरी हाती लागते. मात्र त्यासाठी उपसर्गांची लांबलचक यादी पाठ करावी, असे मला वाटत नाही. यादीत ‘सब् म्हणजे खाली’ एवढेच लिहिलेले असते. ‘सपोर्ट’, ‘सफोकेट’ आणि ‘सस्पेंड’ या शब्दांतही तोच ‘सब्’ रूप पालटून बसला आहे, हे यादीवरून कळत नाही. त्यापेक्षा एका वेळी एकच उपसर्ग घ्यावा, तो लागलेले दहाबारा शब्द शेजारी शेजारी मांडावेत आणि त्यांच्यात समान काय आहे, ते आपले आपण शोधावे.

ही रीत मराठी वाचकाला परकी नाही. संस्कृतातील ‘हृ’ या एका धातूला निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार हे शब्द झाले आणि त्यांचे अर्थ एकमेकांपासून किती दूर गेले, हे आपण शाळेतच शिकतो. उपसर्ग धातूला दिशा देतो आणि पुढचा अर्थ वापरातून घडतो. इंग्रजीतही हेच घडते. लॅटिनमधील ‘लिहिणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला ‘स्क्राइब’ हा घटक घ्या. ‘ट्रान्सक्राइब’ म्हणजे एकीकडचे दुसरीकडे लिहून उतरवणे आणि ‘इन्स्क्राइब’ म्हणजे आत लिहिणे, अर्थात कोरणे. ‘सब्स्क्राइब’ म्हणजे मुळात मजकुराच्या खाली नाव लिहिणे. खाली सही करणारा पैसे देण्यास बांधला जाई, म्हणून पुढे त्याला वर्गणीदार होण्याचा अर्थ आला. ‘प्रिस्क्राइब’ म्हणजे आधी लिहून ठेवणे, त्यावरून नियम घालून देणे आणि औषध लिहून देणे. त्याच्यासारखाच ऐकू येणारा ‘प्रोस्क्राइब’ मात्र जवळजवळ उलट अर्थाचा आहे. इ.स.पू. 82 मध्ये रोमन सेनापती सुल्ला याने रोममध्ये आपल्या शत्रूंच्या नावांच्या याद्या लिहून जाहीरपणे लावल्या. यादीत ज्याचे नाव असेल, त्याला कायद्याचे संरक्षण उरत नसे. अशा जाहीर लेखनावरूनच या शब्दाला ‘बंदी घालणे’ हा आजचा अर्थ मिळाला.

एकच ‘इन्’, दोन कुळे

सर्वांत जास्त गोंधळ ‘इन्’ या उपसर्गाने होतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करावी. त्याची रूपे आधी ओळखावीत. पुढे पी, बी किंवा एम आला की ‘इन्’चा ‘इम्’ होतो, एल आला की ‘इल्’ आणि आर आला की ‘इर्’. म्हणून ‘इम्पॉसिबल’, ‘इल्लीगल’ आणि ‘इर्रेग्युलर’ हे एकाच उपसर्गाचे शब्द आहेत. आपल्याकडे ‘उत्’ आणि ‘लेख’ मिळून ‘उल्लेख’ होतो, तसाच हा संधी आहे आणि स्पेलिंगमध्ये एल किंवा आर दोनदा का येतो, याचे कारणही तेच आहे.

आता मुख्य अडचण. लॅटिनमधून इंग्रजीत दोन वेगवेगळे ‘इन्’ आले आहेत. एक नकाराचा, जो संस्कृतातील ‘अ’ आणि ‘अन्’ यांचा सख्खा भाऊ आहे. दुसरा ‘आत’ किंवा ‘वर’ या अर्थाचा. ‘इन्व्हिजिबल’ म्हणजे न दिसणारे, परंतु ‘इन्हेल’ म्हणजे श्वास आत घेणे आणि ‘इम्पोर्ट’ म्हणजे माल आत आणणे. दोन्ही कुळांना वरचे संधिनियम सारखेच लागू होतात, त्यामुळे रूपावरून फरक कळत नाही. ‘इल्युमिनेट’ आणि ‘इरिगेट’ या शब्दांत नकार मुळीच नाही, त्यांत प्रकाश पाडणे आणि पाणी देणे आहे.

फरक ओळखण्यासाठी शब्द विशेषण आहे की क्रियापद, हे आधी पाहावे. नकाराचा ‘इन्’ बहुधा विशेषणांना आणि त्यांवरून झालेल्या नामांना लागतो, तर ‘आत’ या अर्थाचा ‘इन्’ बहुधा क्रियापदांत असतो. शब्द विशेषण असेल, तर त्याच उपसर्गाचे क्रियापद अस्तित्वात आहे का, ते तपासावे. ‘इन्फ्लेमेबल’ या शब्दाची कसोटी अशीच लागते. तो ‘न पेटणारे’ या अर्थाचा वाटतो. परंतु ‘इन्फ्लेम’ म्हणजे पेटवणे हे क्रियापद आहे, म्हणून ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे सहज पेट घेणारे. हा गैरसमज जिवावर बेतू शकतो, त्यामुळे ज्वलनशील मालावर आता ‘फ्लेमेबल’ हा शब्द लिहिणे पसंत केले जाते आणि न पेटणाऱ्या वस्तूसाठी ‘नॉनफ्लेमेबल’ वापरला जातो. ‘इन्हॅबिटेबल’चेही तसेच आहे: ‘इन्हॅबिट’ म्हणजे वस्ती करणे, म्हणून ‘इन्हॅबिटेबल’ म्हणजे राहण्याजोगे. याउलट ‘इन्व्हॅल्यू’ असे क्रियापद प्रचारात नाही, म्हणून ‘इन्व्हॅल्युएबल’मधला ‘इन्’ नकाराचाच. पण त्याचा अर्थ ‘बिनकिमतीचे’ असा नसून ‘ज्याची किंमत करता येत नाही असे’, म्हणजे आपल्या ‘अनमोल’सारखा आहे. ‘इन्फेमस’ मात्र कसोटीपलीकडे लक्षात ठेवावा लागतो: तो अप्रसिद्ध माणसाला नव्हे, कुप्रसिद्ध माणसाला लावतात.

‘अन्’ आणि ‘री’

‘अन्’ हा इंग्रजीचा घरचा उपसर्ग आहे. विशेषणाला लागला की तो नकार देतो, जसे ‘अनहॅपी’. क्रियापदाला लागला की झालेली क्रिया उलटवतो, जसे ‘अनपॅक’ किंवा ‘अनडू’. ‘अनलॉकेबल’ या शब्दात दोन्ही शक्यता एकत्र येतात. ‘अन्’ आणि ‘लॉकेबल’ असा तोडला, तर कुलूप लावता न येणारे. ‘अनलॉक’ आणि ‘एबल’ असा तोडला, तर कुलूप काढता येण्याजोगे. शब्द कोठे तोडतो यावर अर्थ कसा अवलंबून असतो, हे समजण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

‘री’चे अर्थ ‘पुन्हा’ आणि ‘मागे’ असे दोन आहेत. ‘रीराइट’ म्हणजे पुन्हा लिहिणे आणि ‘रिट्रॅक्ट’ म्हणजे मागे घेणे. काही शब्दांत तो केवळ जोर देतो. ‘रिसर्च’ म्हणजे पुन्हा शोधणे, असे अनेकदा सांगितले जाते, पण तेथे ‘री’ कसून शोधण्याचा भाव आणतो. लिहिताना मधल्या छोट्या रेघेकडे लक्ष द्यावे. ‘रिझाइन’ म्हणजे राजीनामा देणे आणि रेघ घालून लिहिलेला ‘री-साइन’ म्हणजे करारावर पुन्हा सही करणे. अक्षरे तीच, पण अर्थ थेट विरुद्ध.

देवनागरीत सारखे दिसणारे उपसर्ग

आपण इंग्रजी शब्द देवनागरीत लिहितो तेव्हा काही उपसर्गांतला भेद पुसला जातो. ‘अँटीबायोटिक’मधला ‘अँटी’ विरोधाचा आहे. पण प्रसूतिविभागात ‘अँटीनेटल’ असा शब्द ऐकू येतो, त्याच्या स्पेलिंगमध्ये टीनंतर आय नसून ई असतो. तो ‘पूर्वी’ या अर्थाचा उपसर्ग असून शब्दाचा अर्थ जन्मापूर्वीचे असा आहे. आणखी एक गुंता असा की ‘अँटिक’ आणि ‘अँटिसिपेट’ हे शब्द आय घालून लिहिले जातात, तरी दोन्हींचे मूळ ‘पूर्वी’ याच उपसर्गात आहे.

‘डिस्’चेही दोन प्रकार आहेत. आय घालून लिहिलेला ‘डिसऑनेस्ट’ किंवा ‘डिसकनेक्ट’मध्ये येतो आणि नकार किंवा वेगळेपणा दाखवतो, वाय घालून लिहिलेला ग्रीक असून संस्कृत ‘दुस्’चा नातलग आहे, म्हणून ‘डिस्लेक्सिया’सारख्या वैद्यकीय शब्दांत तो बिघाड किंवा त्रास सुचवतो. ‘हायपर’ आणि ‘हायपो’ ही जोडी तर घाईत वाचूच नये. ‘हायपरटेन्शन’ म्हणजे उच्च रक्तदाब, तर ‘हायपोटेन्शन’ म्हणजे रक्तदाब कमी असणे. ‘हायपर’ला ‘उपरि’ आणि ‘हायपो’ला ‘उप’ हे नातलग जोडून ठेवले, तर गोंधळ होत नाही.

सराव करताना वहीच्या एका पानावर एकच उपसर्ग घ्यावा. प्रत्येक शब्दापुढे तो कोठे तुटतो, उरलेल्या भागाचा अर्थ काय, आणि आज तो शब्द कोणत्या अर्थाने वापरतात, हे तीन रकान्यांत लिहावे; तिसरा रकाना नेहमी वाक्यावरून भरावा. ज्यांत उपसर्गाचा भास होतो, पण उपसर्ग नसतो, असे शब्दही त्याच पानाच्या तळाशी नोंदवावेत. ‘अंकल’मध्ये ‘अन्’ नाही आणि ‘इंच’मध्ये ‘इन्’ नाही. शंका राहिली, तर कोशात अर्थाखाली किंवा अर्थाच्या आधी दिलेली व्युत्पत्ती वाचावी.

काही शब्दांत उपसर्ग ओळखूनही निर्णय होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. ‘बाय’ म्हणजे दोन. पण ‘बायवीकली’ हा शब्द आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो आणि कोश दोन्ही अर्थ देतात. तेथे लिहिणाऱ्याला विचारावे किंवा सोबतच्या तारखा पाहाव्यात, आणि स्वतः लिहिताना हा शब्द टाळून किती दिवसांनी ते सरळ लिहावे.