नाकातल्या नळीतून घरचं जेवण, मिक्सरपेक्षा गाळणी महत्त्वाची

सासऱ्यांना पॅरालिसिसनंतर राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी जेवणाची नळी) घालूनच घरी सोडलं, आणि मी पहिल्याच दिवशी मूगडाळीची खिचडी नेहमीसारखी मोहरीची फोडणी देऊन मिक्सरला फिरवली, दिसायला एकदम गुळगुळीत, पण मोहरीची सालं राहिलीच आणि नळी चोक. तेव्हापासून फोडणी बंद. टोमॅटोच्या बिया, मका, पालेभाजीचे दोरे तेही नको.

आता डाळ-तांदूळ, गाजर, दुधी कुकरला पाच-सहा शिट्ट्या काढून गाळ करते, चमचाभर तेल घालून मिक्सर, मग आधी बारीक गाळणी आणि नंतर उकळून घेतलेलं मलमलचं फडकं, दोनदा गाळायचा कंटाळा करू नका. घट्ट झालं की सगळेजण पाणी ओततात, पण त्याने पोट भरतं, ताकद येत नाही. त्यापेक्षा मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ चमचाभर, गरम (उकळत्या नव्हे) पेजेत ढवळून दहा मिनिटं ठेवा, पेज आपोआप सैल होते, मग एक उकळी काढून परत गाळा.

किती द्यायचं, मीठ किती, दूध चालेल का हे डाएटिशियनलाच विचारा, शुगर किंवा किडनीचा त्रास असेल तर नक्कीच. आमच्याकडे एका वेळी २०० मिली, दर अडीच तासांनी.

देताना पेशंटला उशा लावून बसतं करायचं आणि नंतरही अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. नाकाजवळची नळीवरची खूण रोज बघा, सरकली असेल तर थेंबही देऊ नका, नर्सला बोलवा. आधी ३० मिली पाणी, मग सिरिंजचा दट्ट्या काढून कोमट फीड ओतायचं आणि सिरिंज वर धरायची, आपोआप उतरलं तर बरोबर, दट्ट्याने ढकलावं लागलं तर घट्ट आहे. पंधरा-वीस मिनिटं जाऊ देत, घाई कसली. खोकला आला किंवा दम लागला तर नळी चिमटीत धरून लगेच थांबा आणि डॉक्टरला फोन करा. शेवटी परत ३० मिली पाणी. गोळ्या फीडमध्ये कालवू नका, वेगळ्या पाण्यातून, आणि कुठली कुटायची नाही ते डॉक्टरला विचारून.

फीड बाहेर दोन तासांच्या वर नको, फ्रीजमध्ये एक दिवस.

आणि नळी तुंबलीच तर सिरिंजने कोमट पाणी हळूहळू आत-बाहेर करा, शेजारचे काका सांगतात तशी वायर घालू नका, नळी आतून फाटते. नाहीच सुटली तर बदलून घ्यायची.